बाळापाशी कोण?

मुंगसाची गोष्ट आपल्याकडे लहान मुलांना हमखास सांगतात. एक बाई बाळाला पाळण्यात निजवून पाण्याला जाते. घरात पाळलेलं मुंगूस असतं. साप येतो, मुंगूस त्याचे तुकडे करतं आणि रक्ताने माखलेल्या तोंडाने मालकिणीची वाट बघत दारात उभं राहतं. बाई परत येते, ते रक्त बघते आणि याने बाळाला मारलं असं समजून भरली घागर मुंगसावर घालते. आत बाळ सुखरूप, पाळण्याखाली साप मरून पडलेला. अविचाराने काही करू नये, एवढं सांगून गोष्ट संपते.

पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात ही गोष्ट येते, तिथे घरात आणखी एक माणूस आहे. ब्राह्मणाची बायको पाण्याला जाताना नवऱ्याला बजावून जाते, बाळाकडे लक्ष ठेवा, मला या मुंगसाचा भरवसा वाटत नाही. ती गेल्यावर नवरा भिक्षेसाठी बाहेर पडतो आणि घर रिकामं होतं. शेवटी ती शोक करत असताना तो भिक्षा घेऊन परत येतो, आणि ती त्यालाच बोल लावते, की तुम्ही लोभापायी घर सोडलंत म्हणून हे झालं. हितोपदेशात तर बायको आंघोळीला गेलेली असताना राजाघरचं बोलावणं येतं, नवराच बाळाला मुंगसावर सोपवून निघून जातो आणि परत आल्यावर मुंगसाला मारतोही तोच. तोंडी सांगता सांगता हा बाप गोष्टीतून कधी बाहेर पडला कोण जाणे. आई, बाळ आणि मुंगूस एवढेच उरले. मला ही गोष्ट त्या बापासकट हवी आहे, कारण तो असला की ती अविचाराची गोष्ट राहत नाही. घरातलं दुसरं माणूस उठून गेलं की काय होतं, याची ती गोष्ट होते.

हे सगळं डोक्यात येण्याचं कारण आमच्या मजल्यावरची मुलगी. ठाण्याला आमच्या इमारतीत एका मजल्यावर चार दारं आहेत, त्यातल्या समोरच्या दारात ती राहते. मूळची लातूरकडची. नवऱ्याची नोकरी ऐरोलीला. बाळंतपणाला आलेली आई परत गेली, सासूबाई दिवाळीनंतर येणार, आणि मधले महिने ती आणि बाळ असे दोघंच दिवसभर घरात. एका दुपारी ती लिफ्टपाशी उभी दिसली. पायात चपला, हातात पाकीट, पाठीमागे दार नुसतं लोटलेलं. चेहरा तापाने उतरलेला. मला बघून ती जरा दचकली आणि म्हणाली, "काकू, बाळ आत्ताच झोपलंय. एकदा झोपलं की तासभर हलत नाही. खालच्या मेडिकलमधून माझी गोळी घेऊन येते, पाच मिनिटांत. चालेल ना हो?"

मी म्हटलं, "अगं, जा तू. मी बसते." त्यावर ती म्हणाली, "नको हो काकू, तुम्हाला कशाला त्रास!"

तिच्या या दोन वाक्यांनी मला फार दिवस छळलं आहे. माझ्या दारापासून तिच्या दारापर्यंत चार पावलं. मी घरात असते हे तिला माहीत होतं. बाळापाशी बसाल का, हे विचारणं तिला जड गेलं, आणि बाळाला एकटं ठेवून जाऊ का, हे विचारणं सोपं वाटलं. अंगात ताप असलेली, रात्र रात्र जागणारी शहाणीसुरती मुलगी ती. तिला धोका कळत नव्हता असं अजिबात नाही. नाहीतर ती दचकली नसती.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी आधी देऊन टाकते, कारण त्याला फाटे फोडण्यात मला अर्थ दिसत नाही. झोपलेल्या तान्ह्या बाळाला घरात एकटं ठेवून घराबाहेर जाऊ नये. पाच मिनिटांसाठीही जाऊ नये. आपण स्वयंपाकघरात आणि बाळ आतल्या खोलीत, हे वेगळं. आपण गच्चीवर आणि बाळापाशी कुणीच नाही, हे वेगळं. त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचत असेल आणि मधे कुलूप नसेल, तर बाळ एकटं नाही. मधे बंद दार आणि जिना आला की ते एकटं झालं.

एवढं ठाम म्हणण्याचं कारण साप नाही आणि चोरही नाही. पाच मिनिटांत बाळाला काही होण्याचा संभव खरोखरच थोडा असतो. पण ती पाच मिनिटं आपण मनाशी धरलेली असतात, ती आपल्या हातात नसतात. वीज जाते आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकते. वाऱ्याने दार आपटतं, लॅच लागतं, किल्ली आत आणि आपण बाहेर. दार असं आपोआप लागून लहान मूल आत अडकल्याचे फोन अग्निशमन दलाला नेहमी येत असतात, मग गॅलरीला शिडी लावायची किंवा खिडकीचे गज कापायचे. ज्या घरात हे घडतं तिथली आई बहुतेक वेळा केराचा डबा ठेवायला किंवा दूधवाल्याला पैसे द्यायला म्हणून एक पाऊल बाहेर आलेली असते. यातलं सगळ्यांत वाईट मला वाटतं ते हे, की रस्ता ओलांडताना स्कूटरचा धक्का लागून बाई पडली, तिला कुणी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तर ती शुद्धीवर येऊन बोलेपर्यंत घरात एक बाळ आहे हे कुणालाही ठाऊक नसतं. बाळाचा धोका आपल्या परतण्याशी बांधलेला आहे, त्याच्या झोपेशी कमी.

हिरकणीची कथा नीट ऐकली तर तिच्यातही हेच आहे. रायगडाच्या पायथ्याची गवळण दूध घालायला गडावर जाते. कोजागिरीचा दिवस. सूर्य मावळला, तोफ झाली, दरवाजे बंद झाले. नियम म्हणजे नियम, पहारेकरी दार उघडत नाहीत. घरी तान्हं बाळ. मग ती जिथून माणूस उतरूच शकत नाही अशा कड्यावरून अंधारात उतरते, आणि महाराज त्या जागी बुरूज बांधून त्याला तिचं नाव देतात. ही आख्यायिका आहे आणि आख्यायिका म्हणूनच ती आपल्याला प्रिय आहे. शाळेत आम्हाला तिचं धैर्य शिकवलं. आता मला तिचा सकाळचा हिशेब आठवतो. दूध घालीन आणि दिवस मावळायच्या आत परत येईन, असंच ती रोज म्हणून निघत असेल. रोज तसं होतही असेल. एका दिवशी तोफ आधी झाली.

आणि आपण त्या कड्याकडे बघता बघता एक साधी गोष्ट विचारायचं विसरतो. बाळापाशी कोण होतं? घरात दुसरं कुणी जागं, हक्काचं माणूस असतं तर तिने जिवाची बाजी लावली असती का? एसटीच्या स्थानकांत बाळाला अंगावर पाजण्यासाठी जी खोली असते तिला हिरकणी कक्ष म्हणतात. नाव योग्यच आहे. पण मला त्या नावाने शौर्याची पाटी नको वाटते. आईला कडा उतरावा लागू नये म्हणून केलेली व्यवस्था, असा त्याचा अर्थ घ्यावासा वाटतो.

आता त्या झोपेविषयी. "एकदा झोपलं की तासभर हलत नाही" हे प्रत्येक आई मनापासून सांगते, आणि त्या आठवड्यात ते खरंही असतं. तान्ह्या बाळाची झोप मोठ्या माणसाच्या झोपेसारखी सलग खोल नसते. तिचं एक आवर्तन पन्नास मिनिटांच्या आसपास संपतं, आणि दोन आवर्तनांच्या मधे ते जवळजवळ जागं होतं. नवजात बाळाची तर जवळपास निम्मी झोप चाळवलेली असते, पापण्या थरथरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, मधेच हात फेकले जातात. पुढे चौथ्या ते सहाव्या महिन्यात कधीतरी ते पालथं पडायला शिकतं. पहिल्यांदा पालथं पडणं पूर्वसूचना देऊन होत नाही. काल जिथे ठेवलं तिथेच होतं, म्हणून आजही तिथेच असेल, हा भरवसा त्या एका दिवशी मोडतो. पालथं पडता येतं पण परत उताणं होता येत नाही, असे काही दिवस असतात, आणि तोंड मऊ गोधडीत किंवा उशीत गेलं तर मान वळवण्याची ताकद पुरत नाही. बाळाला उताणंच झोपवा, जवळ उशा, जाड पांघरुणं ठेवू नका, असं डॉक्टर सांगतात त्यामागे हेच आहे. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं झोपवण्याची मोठी मोहीम झाली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढच्या काही वर्षांत निम्म्याने कमी झाले. आपल्याकडे मात्र बाळ पडू नये म्हणून पलंगावर दोन्ही बाजूंनी उशा लावायची पद्धत अजून घरोघर आहे, आणि आई बाहेर जाताना तर त्या उशा आणखी जवळ सरकवते. तिच्या मायेपोटीच ती हे करते.

आपल्या जुन्या बायकांना आवर्तनं आणि आकडे माहीत नव्हते, पण झोपलेल्या बाळापाशी जागं माणूस हवं हे त्यांनी धर्म म्हणून सांगून ठेवलं होतं. पाचवीची पूजा, सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते म्हणून त्या रात्रीचं जागरण, बाळंतिणीच्या खोलीत तेवत ठेवलेला दिवा, उशाखाली विळी नाहीतर अडकित्ता, आणि बाळाला एकटं टाकून उठायचं नाही अशी सक्त ताकीद. मी सटवाई मानत नाही. पण त्या रात्री नेमक्या कुठल्या, हे बघितलं की मन थबकतं. नाळ कापताना गेलेल्या जंतूंमुळे होणारा धनुर्वात बाळाला गाठायचा तो साधारण याच दिवसांत, पहिल्या आठवड्याच्या अखेरीच्या सुमाराला. कारण कळत नव्हतं, बाळं मात्र डोळ्यांसमोर जात होती. मग बायकांनी देवीला रात्र नेमून दिली आणि स्वतः जागत बसल्या. विळीने काही झालं नसेल. जागणाऱ्या बाईने मात्र बाळाचं अंग तापलं, बाळ दूध ओढत नाही, हे वेळेवर ओळखलं असेल, निदान तिच्या हातून जेवढं होण्यासारखं होतं तेवढं झालं असेल.

आज त्या जागणाऱ्या बाईच्या जागी कॅमेरा आला आहे. समोरच्या मुलीकडेही आहे, मोबाइलवर बाळ दिसतं. या यंत्राचा इतिहास मला फार उदास करतो. १ मार्च १९३२ च्या रात्री अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये चार्ल्स लिंडबर्ग या जगप्रसिद्ध वैमानिकाचं वीस महिन्यांचं मूल वरच्या मजल्यावरच्या खोलीतून पळवलं गेलं. आई, वडील, दाई, सगळे त्याच घरात होते. मूल पुढे मेलेलं सापडलं. त्या घटनेने सगळा देश हादरला, आणि झेनिथ रेडिओ कंपनीच्या प्रमुखाने दुसऱ्या खोलीतला बाळाचा आवाज ऐकू येईल असं यंत्र करवून घेतलं. १९३७ साली ते बाजारात आलं, 'रेडिओ नर्स' या नावाने, आणि त्याचं रूप घडवलं होतं इसामू नोगुची या थोर शिल्पकाराने. ते यंत्र घरात असलेल्या माणसासाठी होतं, आवाज आला की उठून जाता येईल अशा माणसासाठी. आज मोबाइलमुळे ते अंतर सुटलं आहे. ऐरोलीच्या ऑफिसात बसून बापाला बाळ दिसतं. औषधाच्या दुकानाच्या रांगेत आईला दिसतं. दिसतं म्हणून आपण जवळ आहोत असं वाटू लागतं. बाळाने गोधडीत तोंड खुपसलेलं बघत सात मजले चढणारी आई मला कल्पनेतही सहन होत नाही.

माझ्यावर कुणी असा आक्षेप घेईल, की इतकी भीती बाळगून मुलं वाढतात का? बाळाने कधीतरी एकटं असायला शिकायलाच हवं. याचं फार सुंदर उत्तर डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९५८ साली एका लेखात दिलं आहे. त्याचं म्हणणं असं, की एकटं राहता येणं ही मोठी क्षमता आहे, आणि माणूस ती शिकतो कुणीतरी जवळ असतानाच. आई त्याच खोलीत आहे, तिचं काही चाललं आहे, ती बाळाकडे काही मागत नाही आणि बाळही तिच्याकडे काही मागत नाही. त्या वेळात बाळ आपल्याशी असायला शिकतं. भाजी निवडणारी आजी आणि तिच्याजवळ स्वतःच्या बोटांकडे टक लावून बघत पडलेलं बाळ मी अनेक घरांत पाहिलं आहे, आणि विनिकॉट वाचल्यापासून त्या दृश्याकडे मी फार आदराने बघते. रिकाम्या घरात जागं झालेलं बाळ असलं काही शिकत नाही. साधारण आठ महिन्यांच्या सुमाराला बाळाला कळू लागतं, की नजरेआड गेलेलं माणूस कुठेतरी आहे, आणि नेमकं तेव्हापासून ते आई दिसेनाशी झाली की टाहो फोडू लागतं. त्याआधी त्याच्या लेखी काय होत असेल, हे कुणी सांगावं?

डेन्मार्कमध्ये लोक बाळांना बाबागाडीत घालून थंडीतही उघड्यावर झोपवतात, आईबाप आत कॉफी पितात आणि गाडी खिडकीबाहेर असते. १९९७ साली एका डॅनिश आईने न्यूयॉर्कमध्ये तसंच केलं. चौदा महिन्यांची मुलगी काचेबाहेर, ती आणि मुलीचा बाप काचेच्या आत. कुणीतरी पोलिसांना कळवलं, दोघांना अटक झाली आणि मुलगी काही दिवस सरकारी ताब्यात राहिली. एका शहरात जी रोजची रीत ती दुसऱ्या शहरात गुन्हा ठरली. त्या आईची मला कणव वाटते. तिच्या गावी येणाराजाणारा प्रत्येक माणूस त्या गाडीवर नजर टाकत असणार, गाडीत बाळ हलू लागलं तर आत येऊन सांगत असणार. ती त्या माणसांच्या भरवशावर वाढली होती. कायद्याचा आकडा या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही. किती वयाचं मूल किती वेळ एकटं ठेवावं हे आपला कायदा सांगत नाही, इंग्लंडचाही सांगत नाही. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७५ वं कलम मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करून त्याला यातना होऊ दिल्या तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. हे कलम समोरच्या मुलीला लावायचं का? तिच्या अंगात ताप होता.

माझा मुलगा तान्हा असताना आम्ही डोंबिवलीला चाळीत राहायचो. सामाईक गॅलरी, दारं दिवसभर उघडी. नळावर जाताना मी समोरच्या आजींना नुसतं "बघा हं" म्हणायचे. आजी मान हलवायच्या. त्यात उपकार नव्हते, त्रासही नव्हता. पण मी त्या दिवसांची आरती ओवाळणार नाही. त्याच आजी मी किती वाजता परतले, कुणाबरोबर बोलत होते, सलग किती दिवस हॉटेलातलं आणलं, याचाही हिशेब ठेवायच्या. त्या नजरेचा काच सगळ्यात जास्त सुनांना आणि मुलींना झाला आणि बंद दाराची घरं हवीशी वाटली ती उगीच नाही. मीही आनंदाने दार बंद करणाऱ्यांतलीच. बंद दाराने नजर गेली आणि तिच्याबरोबर "बघा हं" म्हणण्याचा हक्कही गेला. समोरच्या मुलीला माझी मदत मागताना संकोच वाटला, कारण मदतीबरोबर नजरही येईल हे तिने आपल्या आईकडून ऐकलेलं असणार. आता आमच्यावर जबाबदारी अशी, की बाळापाशी बसावं आणि तिच्या सिंकमधली भांडी बघू नयेत.

एवढ्यावर थांबले तर मी निम्मंच बोलले असं होईल. कारण मध्यमवर्गातल्या मुलीसमोर हा प्रश्न एखाद्या दुपारी येतो, पण मुंबईत तो प्रश्न पिढ्यानपिढ्या रोज सकाळी भोंग्याबरोबर येत होता. गिरणगावातल्या बायका पाळीला जायच्या तेव्हा बाळं खोलीत ठेवायच्या. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने या कामगार स्त्रियांची स्थिती बघायला डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांना नेमलं. त्यांना दिसलं ते असं, की गिरणीत जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका तान्ह्या बाळांना अफूची गोळी देत होत्या. बाळ दिवसभर झोपून राहावं म्हणून. पुढे १९३१ च्या शाही श्रम आयोगाच्या अहवालानेही ही गोष्ट नोंदवली आणि बायका मोठ्या संख्येने काम करतात तिथे पाळणाघरं काढायला सांगितलं. बाळाला झोप लागली म्हणून आई बाहेर पडली, हा आपला क्रम. तिथे आईला बाहेर पडायचं होतं म्हणून बाळाला झोप आणली जायची. त्या बायकांना क्रूर म्हणणारे लोक तेव्हाही होते. पाळी चुकली तर मजुरी बुडणार, मजुरी बुडाली तर अंगावरचं दूध आटणार, हा हिशेब ज्यांना करावा लागला नाही त्यांचं ते बोलणं.

पाळणाघराचा विचार आपल्याकडे कायद्यात आला तेव्हा त्याने बाळांची मोजणी केली नाही, बायकांची केली. १९४८ च्या कारखाना कायद्यात ५० पेक्षा जास्त स्त्रिया असतील तर पाळणाघर बंधनकारक होतं, १९७६ साली ती संख्या ३० वर आणली. म्हणजे बाळ बाईचंच, पुरुष कामगारांना मुलं नसतातच. आणि एकतिसावी बाई कामावर घ्यायची की नाही, हा हिशेब मालकाला घालून दिला. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी, स्त्री असोत वा पुरुष, असतील तिथे पाळणाघर आलं. दिवसातून चार वेळा तिथे जाऊन बाळाला बघून येण्याची मुभा मात्र आईलाच दिली. पंचतंत्रातल्या त्या बापाला परत आणायची एक चांगली संधी तिथे होती. रोजगार हमीच्या २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात मला एक तरतूद मनापासून आवडली होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर कामावरच्याच एका बाईने ती सांभाळायची आणि तिला तेवढीच मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे खड्डा खणण्याच्या बरोबरीचं काम आहे, हे तिथे पैशांत सांगितलं होतं.

हे ज्यांनी कायद्याच्याही आधी ओळखलं त्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं मी फार कृतज्ञतेने घेते. १९४५ साली त्यांचं काम तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला सुरू झालं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुली शाळेत का येत नाहीत हे त्यांनी शोधलं तर कारण साधं निघालं. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी बसते, कारण आई कामावर. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. धाकटं पाळण्यात, मोठी वर्गात, दोघांमधे हाकेचं अंतर. शिक्षणाची इतकी साधी आणि इतकी खोल समज मी दुसरीकडे क्वचितच पाहिली. १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं, तिथे मातीत पडलेली मजुरांची मुलं बघून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली, आणि मुंबई-पुण्याच्या बांधकामांवरही असं काम पोचलं. सात मजल्यांच्या आमच्या इमारती ज्या बायकांनी विटा वाहून उभ्या केल्या, त्यांची बाळं तेव्हा कुठे झोपत होती, हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला होता असं मला आठवत नाही.

आणि आताही आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी जी बाई आहे, ती आपलं तान्हं मूल नऊ वर्षांच्या मुलीपाशी ठेवून येते. मुलगी दुपारच्या शाळेत आहे म्हणून सकाळी जमतं. अंगणवाडीत तिने विचारून पाहिलं. तिथे एवढ्या लहान बाळाला खाऊचं पाकीट मिळतं, पण दिवसभर ठेवून घेत नाहीत. अंगणवाडीला जोडून पाळणाघर करण्याची 'पालना' नावाची केंद्राची योजना २०२२ पासून आहे, तिच्या वस्तीत ती अजून आलेली नाही. पाळणाघराचा कायदा तिच्या कामाचा नाही, कारण ती चार घरी काम करते आणि प्रत्येक घरात एकटीच असते. पन्नास माणसं एका छपराखाली येणार कधी? समोरच्या मुलीचं बाळ आणि हिचं बाळ यांच्या वयात महिन्याभराचं अंतर आहे. समोरच्या बाळाला कॅमेरा आहे, माझ्यासारखी शेजारीण आहे, दिवाळीनंतर आजी येणार आहे. हिच्या बाळापाशी एक मुलगी आहे, जिला स्वतःलाच अजून कुणीतरी जवळ हवं.

आमच्या सोसायटीचं क्लबहाउस सकाळी आठ ते दुपारी दोन रिकामं असतं. तिथे पाळणाघर चालवावं असा अर्ज मी कमिटीला दिला आहे. मजल्यावरच्या आम्ही तिघी निवृत्त बायका आळीपाळीने बसायला तयार आहोत, पण नुसत्या हौशी माणसांवर तान्ही बाळं सोडू नयेत, म्हणून एक शिकलेली, पगारी बाई हवी असंही त्यात लिहिलं आहे. काही झालं तर जबाबदार कोण, विम्याचं काय, आवाजाचा त्रास होईल का, असे प्रश्न आले आहेत आणि ते विचारायलाच हवेत. समोरच्या मुलीने अर्जावर सही केली, तिच्या नवऱ्याचीही मी मागून घेतली. सेक्रेटरींनी परवा फोन करून विचारलं, ही सोय फक्त सभासदांच्या मुलांसाठी ना? मी सांगितलं, इमारतीत राहणाऱ्यांच्या आणि इमारतीत कामाला येणाऱ्यांच्या, दोघांच्याही. त्यावर सभेत चर्चा व्हायची आहे.